युनिक्सवाल्या राठोडबाई

राठोडबाई कॉम्प्युटरसमोर बसल्या की आधी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवायच्या. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न उमटायचा, कधी एका ओळीचा, कधी अर्ध्या पानाचा, आणि बाई हात तसेच दाबून तो वाचायच्या. ओठ हलायचे, आवाज नाही. वाचून झालं की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. मग उजवा हात बाहेर यायचा, एक बटण दाबायचा आणि परत मांडीखाली जायचा. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंना थंडी वाजतेय. पण ते दिवस एप्रिलचे होते आणि गाव हिंगोली होतं.

मी विचारलं, तर म्हणाल्या, "वाचल्याबिगर बटन दाबायचं न्हाई, ताई. यंत्र काहून विचारून राहिलं, ते आधी समजून घ्यायचं. मानूस बोलत असला तर आपुन त्याला मधीच तोडतो का?"

हिंगोली तेव्हा जिल्हा झाला नव्हता, परभणीचा तालुका होता. मी एका धर्मादाय दवाखान्याच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ होते. एका दानशूर माणसाने पेढीला एक मोठा कॉम्प्युटर दिला होता. त्याला सर्व्हर म्हणायचं, एवढं आम्हाला शिकवलं होतं. त्याला तीन पडदे आणि तीन कीबोर्ड जोडलेले होते. एक माझ्याकडे, एक नोंदणीच्या खिडकीत, एक डॉक्टरांच्या खोलीत. तिघे एकाच वेळी त्याच एका यंत्रावर काम करायचो. त्याच्या आत जी व्यवस्था चालायची तिचं नाव युनिक्स. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, ना चित्र, ना माउस. रक्तदात्यांची नावं, गावं, गट, मागचं रक्तदान कधी झालं, सगळं त्यात. तो बिघडला की नांदेडच्या एका छोट्या कंपनीला फोन करायचा आणि तिकडून इंजिनिअर यायचा.

पहिल्या वेळी आमचे डॉक्टरसाहेब पोर्चमध्ये उभं राहून एसटीने येणाऱ्या इंजिनिअरची वाट बघत होते. सुती साडी, डोक्याला तेल, खांद्यावर दोन्हीकडे दोन झोळ्या, अशी पंचविशीतली एक बारीक मुलगी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, "ओपीडी आत आहे, बाई. आज गर्दी आहे, नंबर लावा." त्या म्हणाल्या, "मला यंत्राकडं न्या." डॉक्टर म्हणाले, "यंत्र बंद आहे. इंजिनिअर यायचाय." "आलाय," त्या म्हणाल्या आणि चपला काढून आत गेल्या. डॉक्टरांनी हा प्रसंग पुढे कैक वेळा स्वतःच सांगितला, आणि प्रत्येक वेळी स्वतःला हसून सांगितला. पण त्या दिवशी ते हसले नव्हते. तासाभराने यंत्र सुरू झालं तेव्हा ते दारात उभे राहून नुसते बघत होते.

त्या दोन झोळ्यांत दोन स्टीलचे डबे असायचे, अगदी एकसारखे. दोन्हींत युनिक्सच्या विसेक फ्लॉप्या, क्रमाने लावलेल्या, एकेका फ्लॉपीवर निळ्या शाईत नंबर. दोन्ही डब्यांत तोच माल. तळाशी ओल शोषायला पातळ फडक्यात बांधलेले मूठभर तांदूळ. जेवणाचा तिसरा डबाही तसाच. आमच्या जीपचे ड्रायव्हर गफूरचाचा एकदा जेवणाचा समजून एक डबा बाईंच्या पाठोपाठ घेऊन आले, उघडून बघतात तर फ्लॉप्या. म्हणाले, "बेटी, ये तो खाने के लायक नहीं दिखता." बाई म्हणाल्या, "चाचा, यंत्राचा डबा है ये. हमारा वो है, भाकर का."

दोन डबे कशाला, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली. बाई सेनगावकडच्या एका तांड्यावरच्या. त्यांचे पूर्वज लदेणीचा धंदा करायचे, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून या मुलखातून त्या मुलखात न्यायचे. आजोबांनी स्वतः ते केलं नव्हतं, पण त्यांच्या बापाने केलेलं ऐकलं होतं. "बैलाच्या पाठीवर दोन्हीकडं बराबर वजन पायजे," बाई म्हणाल्या. "एकीकडची गोणी फाटली तरी दुसरी गावाला पोचती. त्यांनी मीठ नेलं, मी ह्या नेते. फ्लॉपीचा काय भरवसा, ताई? आज वाचते, उद्या न्हाई."

शिक्षण आश्रमशाळेत, मग नांदेडला डिप्लोमा. इंग्रजी कच्चं. कंपनीत लागल्यावर युनिक्सची जाडजूड पुस्तकं पुढ्यात आली, तीही कंपनीत एकच प्रत, घरी न्यायची नाही. बाईंनी ती ऑफिसात बसून वह्यांमध्ये उतरवून काढली. डाव्या पानावर इंग्रजी, उजव्या पानावर मराठी, आणि जिथे मराठी सापडलं नाही तिथे तांड्यावरच्या त्यांच्या गोरबोलीतला शब्द. त्या वह्या मी पाहिल्या आहेत. मला त्यातलं काही कळलं नाही, पण एवढं कळलं की मी माझ्या डीएमएलटीच्या, म्हणजे लॅबच्या डिप्लोमाच्या, अभ्यासातलं एक पानही असं वाचलेलं नाही.

त्यामुळे बाईंचं इंग्रजी सगळं त्या पुस्तकातलं. दवाखान्याला देणगी देणाऱ्यांपैकी एक मुंबईचे गृहस्थ एकदा आले होते. त्यांनी बाईंना इंग्रजीत विचारलं, कशा आहात. बाई जरा थांबल्या, वाचल्यासारखं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "रेडी." गृहस्थ हसले. नंतर मीही हसले. बाई म्हणाल्या, "चुकलं का, ताई? यंत्र चालू असलं, बरं असलं, की तेच म्हणतंय."

युनिक्समध्ये एक मालक असतो, त्याला रूट म्हणतात. रूट होऊन आत गेलं की काहीही करता येतं, सगळं पुसूनही टाकता येतं. बाई रूट होऊन आत जायच्या, नेमकं तेवढं काम करायच्या आणि लगेच बाहेर पडून साध्या नावाने परत आत यायच्या. दिवसातून दहा वेळा. मी म्हटलं, एकदाच जा ना, वेळ वाचेल. त्या म्हणाल्या, "मालक होऊन घरात हिंडत बसू न्हाई. हिंडता हिंडता धक्का लागतो." पुढे माझ्या हाताखाली दोन मुली आल्या तेव्हा हे वाक्य मी त्यांना रक्ताच्या फ्रिजच्या चावीबद्दल सांगायचे.

आता ज्या दिवसासाठी मी हे लिहायला बसले तो दिवस.

आदल्या संध्याकाळी वीज कडाडली आणि लाइटचा दाब एकदम वाढला. सर्व्हरमधून जळका वास आला. आतला मुख्य बोर्ड गेला आणि डिस्कही. वाचली ती एक टेप चालवायची पेटी आणि तिचं कार्ड. दर शनिवारी सगळ्या नोंदी मी एका टेपवर उतरवून ठेवायचे. बाईंनीच ती सवय लावली होती. मागच्या शनिवारची टेप कपाटात होती. पण टेप वाचायला युनिक्स पाहिजे, आणि युनिक्स चालायला यंत्र पाहिजे. डॉक्टरांनी शेजारच्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या सरांना विनंती केली, आणि त्यांनी आपल्याकडचा एकुलता एक पीसी उचलून दिला. सर्व्हरच्या मानाने ते खेळणं होतं. सकाळच्या गाडीने बाई आल्या, त्यांनी पीसी पाहिला, उघडला, म्हणाल्या, "होईल. पण दोन दिवस लागतील. हे यंत्र युनिक्सनं कधी बघितलं न्हाई, न् युनिक्सनं ह्याला बघितलं न्हाई."

अकराच्या सुमारास सिद्धेश्वरच्या धरणाकडून एक बाई आणली. धरणात मासे धरणाऱ्या घरातली सून, दिवस भरत आलेले, पहिलं बाळंतपण. वार खाली आली होती, रात्रीपासून थोडं थोडं रक्त जात होतं. ऑपरेशन करावंच लागणार होतं. मी गट तपासला. ओ निगेटिव्ह. फ्रिजमध्ये त्या गटाची एकही बाटली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "हातात तीन बाटल्या असल्याशिवाय मी पोटाला हात लावणार नाही. टेबलावर जाईल ती." नांदेडला फोन केला. तिथून एक बाटली निघाली, पण ती यायला चार वाजणार. नवरा बाहेरच्या बाकावर बसला होता. त्याचं रक्त बी पॉझिटिव्ह निघालं. त्याने विचारलं, "माझं काहून चालंना?" मी समजावलं. त्याला समजलं नसावं, कारण तो हात पुढे करूनच बसून राहिला.

ओ निगेटिव्हचे दाते आमच्याकडे होते. शिबिरं घेऊन घेऊन मीच गोळा केले होते. मला त्यातले दोघे आठवत होते. एकाने पंधरा दिवसांपूर्वीच रक्त दिलं होतं, दुसरा गाव सोडून गेला होता. बाकीचे यंत्रात. आणि शिबिरांचे कागदी अर्ज? ते यंत्रात भरून झाले की मी पोत्यात बांधून माळ्यावर टाकायचे. त्या दिवशी पोती खाली काढली तर निम्म्या कागदांना वाळवी लागलेली. हातात घेतला की कागदाचा भुगा व्हायचा. एवढं मोठं पाप माझ्या हातून झालंय, असं मला वाटलं. मी भुगा भरलेल्या हातांनीच बाईंकडे गेले.

बाई हात मांडीखाली घालून बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. मागोमाग डॉक्टरही आले. "मॅडम, किती वेळ?"

"दोन दिवस म्हणले होते मी."

"दोन तास आहेत. फार तर अडीच."

बाईंनी पीसीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, तुमाला सगळं पायजे का नुसती नावं?"

"नुसती नावं. तीही ओ निगेटिव्हचीच."

"मग तीन पडदे नको. छापायचं यंत्र नको. जुन्या नोंदी नको. टेप वाचण्यापुरतं युनिक्स उभं करू. आज घर न्हाई बांधायचं. तीन दगड मांडून चूल पेटवायची." आणि त्यांनी पेचकस घेऊन पीसीतून एकेक कार्ड काढायला सुरुवात केली. "लागत न्हाई ते आधी बाहेर."

टेपचं कार्ड आत बसवलं आणि पहिली फ्लॉपी घातली. युनिक्स जागं होताना पडद्यावर एकेक इंग्रजी अक्षर उमटत जायचं. कुठल्या अक्षराशी ते थांबलं, त्यावरून बाईंना कळायचं की आत कुठे अडलं. ते मधेच थांबलं आणि पुढे जाईना. बाई दोन वेळा वाचत बसल्या, वाचायला एकच अक्षर होतं तरी. मग मला म्हणाल्या, "दोन कार्डांचं एकच नाव पडलंय. तांड्यात एका नावाच्या दोन बाया असल्या म्हणजे हाक मारली की दोघी वळतात, न्हाई तर कुणीच वळत न्हाई. एकीचं नाव बदलू." टेपच्या कार्डावर पितळी पिनांवर बसणारी बारीक काळी टोपणं होती. त्यातलं एक त्यांनी चिमट्याने उचलून शेजारच्या पिनांवर बसवलं. यंत्र पुन्हा सुरू केलं. अक्षरं सरसर शेवटपर्यंत गेली.

मग डिस्कचा प्रश्न आला. त्या काळी युनिक्स बसवताना डिस्कचा कुठला भाग खराब आहे ते आधी तपासून घ्यावं लागे, नाहीतर नेमकी त्याच जागी नोंद लिहिली जायची आणि काम मधेच कोसळायचं. तपासणी दोन प्रकारची, झटपट आणि पूर्ण. पूर्णला दीड तास. डॉक्टर मागे उभे होते. म्हणाले, "मॅडम, झटपट करा. वेळ नाही."

बाई वाचत होत्या. मी त्यांना एका प्रश्नापुढे इतका वेळ बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी पुन्हा तेच म्हटलं. बाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "साहेब, झटपट केलं न् मधीच पडलं, तर पुन्हा पहिल्यापासून. मग संध्याकाळ." आणखी थोडा वेळ गेला. मग त्यांनी हात बाहेर काढला, मागच्या प्रश्नावर परत गेल्या आणि डिस्कचा फक्त एक लहानसा तुकडा युनिक्ससाठी आखला, उरलेली सगळी डिस्क तशीच सोडून दिली. त्या तुकड्याची मात्र पूर्ण तपासणी लावली. "घर लहान करू," त्या म्हणाल्या, "पण भिंत ठोकून बघू." तेरा मिनिटं लागली. दोन जागा खराब निघाल्या. झटपट तपासणीत त्या सापडल्या असत्या की नाही, कोण जाणे. डॉक्टर पेशंटकडे गेले. त्यानंतर त्यांनी बाईंना काय करा, कसं करा, हे कधीच सांगितलं नाही.

अकरा नंबरची फ्लॉपी वाचली जाईना. कर्र कर्र आवाज आला आणि पडद्यावर चूक झाल्याचा संदेश. बाईंनी ती काढली, दुसऱ्या झोळीतल्या डब्यातली अकरा नंबरची घातली. ती वाचली गेली.

शेवटी टेपची पाळी. मी कपाटातून ती आणली. बाईंनी आधी तिच्या कोपऱ्यावरची खिट्टी फिरवून ठेवली, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिलं जाऊ नये. मग माझ्याकडून स्पिरिट आणि कापूस मागितला, आणि पेटीतला टेप वाचणारा भाग पुसून घेतला, मी इंजेक्शनच्या आधी पुसते तसा. टेप घातल्यावर लगेच वाचली नाही, आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुंडाळली आणि परत उलटी गुंडाळली. "ढिली पडलेली असती. ताण बसल्याबिगर वाचली न् अडकली, तर तुटल." त्या गुंडाळण्याच्या घरघर आवाजात चार मिनिटं गेली. मला आयुष्यात इतकी लांब चार मिनिटं आठवत नाहीत. बाहेर बाकावर तो नवरा अजून हात पुढे करून बसला होता.

टेपमधून त्यांनी एकच फाइल काढली, रक्तदात्यांची. आणि तिला विचारलं, ओ निगेटिव्ह लिहिलेल्या ओळी तेवढ्या दाखव. एका ओळीची आज्ञा. बटण दाबण्याआधी त्यांनी ती मला वाचून दाखवली, मराठीत. "बराबर हाय का, ताई?" मी मान हलवली. पडद्यावर नऊ ओळी उमटल्या.

छापायचं यंत्र तर काढून टाकलेलं. मी तळहातावरच लिहायला लागले. बाईंनी वही पुढे सरकवली, स्वतःची, डाव्या पानावर इंग्रजी असलेली. उजवं पान कोरं होतं. नऊपैकी तिघे लांबचे, दोघांनी अलीकडेच रक्त दिलेलं, दोघांचा पत्ताच अपुरा. राहिले दोन. एक हट्ट्याचा शिंपी, एक कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावरचा भट्टीवाला. गफूरचाचा जीप घेऊन हट्ट्याकडे सुटले. ढाब्याशेजारच्या टेलिफोन बूथवर मी फोन लावला. बूथवाल्याने हाक मारून भट्टीवाल्याला बोलावलं. मी बोलत गेले, तो ऐकत गेला. शेवटी म्हणाला, "येतो. पण जाताना कोनीतरी सोडलं पायजे. संध्याकाळी गिऱ्हाईक असतं."

तो हिंगोलीकडे येणाऱ्या एका ट्रकच्या केबिनमध्ये बसून आला. कोपरापर्यंत कणीक लागलेली. मी त्याची शीर शोधण्याआधी त्याचे हात धुवून घेतले. गफूरचाचांनी शिंप्याला आणलं तेव्हा त्याच्या गळ्यात माप घ्यायची टेप तशीच होती, गिऱ्हाईक दुकानात बसवून आला होता. दोघांच्या तपासण्या केल्या, बाटल्या जुळवल्या. डॉक्टर म्हणाले, "दोन झाल्या. तिसरी रस्त्यात आहे. घेतो." आणि आत गेले. नांदेडची बाटली आली तेव्हा टाके घालणं चालू होतं. तिन्ही बाटल्या लागल्या. बाई वाचली, मूल वाचलं.

मी हे सांगायला धावत रक्तपेढीत आले. बाई पीसीसमोरच होत्या. मला वाटलं होतं, थकून बसल्या असतील. त्यांनी दुपारचं सगळं पुसून टाकलं होतं आणि युनिक्स पहिल्यापासून बसवायला घेतलं होतं, या वेळी अख्ख्या डिस्कवर, पूर्ण तपासणीसकट. चौथी फ्लॉपी आत होती. "ते तात्पुरतं होतं, ताई," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर तुमी उद्या काम केलं असतं, न् चार दिवसांनी दगा दिला असता."

"दोघंही बरी आहेत," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पडद्यावरची ओळ वाचून संपवली. मग विचारलं, "लेकरू काय?"

"पोरगी."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि पाणी मागितलं. मी पेला दिला. त्यांनी हात मांडीखालून काढून तो घेतला आणि पेला टेबलाच्या लोखंडी कडेवर टणटण वाजायला लागला. दोन्ही हात थरथरत होते. पाणी साडीवर सांडलं. मी पेला धरला.

"लहानपणापासून हाय," बाई म्हणाल्या. "भ्यायले की कापतेत. यंत्राला एक बटन चुकीचं लागलं तर सगळं जाईल, हे मनात आलं की जास्तच. म्हणून दाबून बसते. दाबलं न् दोनदा वाचलं, की थोडा वेळ थांबतेत. तेवढ्यात बटन दाबून घेते."

अनेक वर्षं आम्ही सगळे जिला बाईंची शांतता समजत होतो, ती हीच. सकाळपासून त्या बाईने शेकडो वेळा हात बाहेर काढला होता आणि एकदाही बटण चुकलं नव्हतं.

यंत्र तिसऱ्या दिवशी तिन्ही पडद्यांसह सुरू झालं. टायपिंगवाल्या सरांनी पीसी परत मागितला नाही. म्हणाले, आता तो तुमच्यातलाच झाला. त्या खेळण्यावर पुढे सहा वर्षं रक्तपेढी चालली. वाळवी लागलेले कागद मी एकेक करून नव्याने लिहिले, दुपारच्या सुट्टीत, वर्षभर. ते कोणी मला सांगितलं नव्हतं.

मग हिंगोली जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, नव्या इमारती आल्या. दोन हजार सालानंतर रक्तपेढीलाही नवी यंत्रं आली, रंगीत पडदे, माउस. ती बसवायला आलेल्या तरुणाने खिशातून एक सीडी काढली, आत सरकवली आणि चहा प्यायला गेला. जुन्या नोंदी त्याच्या हवाली करायला बाईंना बोलावलं होतं. मला वाटलं होतं, त्यांना वाईट वाटेल. त्या त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि दिवसभर त्याला विचारत राहिल्या, हे काहून, ते कसं. निघताना म्हणाल्या, "सोपं केलंय लोकांनी, ताई. चांगलं केलंय." कंपनीचं नांदेडचं ऑफिस बंद होणार होतं. त्यांना पुण्यात नोकरी लागली होती. तिकडे लिनक्स नावाचं युनिक्सच्याच वळणाचं काहीतरी होतं आणि त्यासाठी माणसं हवी होती.

गाडीला दोन तास होते. बाई म्हणाल्या, "ताई, इतक्या वेळा आले, माझं नाव तुमच्याकडं कधी लिवलं न्हाई. आज घेता का?"

मी वजन केलं. काट्याने कसंबसं पंचेचाळीस दाखवलं. हिमोग्लोबिन पाहिलं, ठीक होतं. पलंगावर आडव्या झाल्या. मी सुई टोचताना त्यांनी डोळे मिटले नाहीत, सुईकडेच बघत होत्या. हात माझ्या हातात होता आणि हलला नाही. गट निघाला बी पॉझिटिव्ह, आमच्याकडे सगळ्यांत जास्त मिळणारा. बाई जरा खट्टू झाल्यासारख्या वाटल्या. म्हणाल्या, "साधाच हाय मग."

मी म्हटलं, "साधाच लोकांना जास्त लागतो."

चहा-बिस्किट घेतल्यावर त्यांनी विचारलं, "कोनाला जाईल ते कळतं का?"

"देणाऱ्याला सांगत नाहीत. नियम आहे."

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. दंडावरची पट्टी पदराने झाकली, माझ्या पाया पडायला वाकल्या, मी अडवलं. गफूरचाचांनी त्यांना स्टँडवर सोडलं. पुण्याहून पहिली दोन वर्षं दिवाळीला पत्र आलं, मग तेही थांबलं. मीही नंतर लिहिलं नाही.

देणाऱ्याला सांगत नाहीत, पण मला ठाऊक असतं. ती बाटली आठव्या दिवशी निघाली. मळणी यंत्रात हात गेलेला एक शेतमजूर आला होता, चाळिशीचा. दोन बाटल्या लागल्या, त्यातली एक राठोडबाईंची. हात गेला, माणूस राहिला. बारा दिवसांनी बायकोच्या खांद्यावर उरलेला हात टाकून तो घरी निघाला. डॉक्टरांना नमस्कार करायला गेला, सिस्टरांना केला, मलाही केला. त्याला मी काही सांगितलं नाही. तो फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागेपर्यंत मात्र मी काम सोडून खिडकीत उभी राहिले.